फ्रेंच परीक्षेतील निबंध आणि मराठी विद्यार्थी

परभाषेच्या परीक्षेत निबंधलेखनाचा भाग असला की विद्यार्थ्यांचे लक्ष स्वाभाविकपणे शब्दसंग्रहाकडे व क्रियापदांच्या रूपांकडे वळते. ही तयारी आवश्यक आहे यात शंका नाही. तथापि तेवढीच पुरेशी आहे ही समजूत मात्र बरोबर नाही. क्रियापदे मुखोद्गत असलेला, वाचन व श्रवण या भागांत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी निबंधाच्या कागदापाशी अडखळतो, हा अनुभव फ्रेंचच्या बहुतेक अध्यापकांना आहे. या अडखळण्याची कारणे दोन आहेत. निबंध म्हणजे काय याविषयीची आपली कल्पना व परीक्षकाची कल्पना यांत अंतर असते, हे पहिले कारण. आणि मराठी वाक्य विचारांची सांधणी ज्या रीतीने करते ती रीत फ्रेंच वाक्याच्या रीतीहून भिन्न असते, हे दुसरे. प्रस्तुत लेखात या दोन्ही कारणांचा विचार करून तयारीची एक पद्धती सुचविण्याचा हेतू आहे.

हा विचार केवळ पांडित्याचा नव्हे. वसई, नालासोपारा, विरार या भागांतील जो विद्यार्थी फ्रेंचच्या वरच्या पातळीची तयारी करतो, त्याला मुंबई विद्यापीठाचा कलिना येथील फ्रेंच विभाग किंवा न्यू मरीन लाइन्स येथील आलियांस फ्रांसेझ यांसारख्या संस्थांकडे पाहावे लागते. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे 60 किलोमीटरांचे आहे. इतका वेळ व परीक्षेचे शुल्क खर्चून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर फ्रान्समधील विद्यापीठाचा प्रवेश अवलंबून असू शकतो, कारण तेथील फ्रेंच माध्यमाचे पदवी-अभ्यासक्रम सामान्यतः बी-2 किंवा त्याहून वरची पातळी मागतात. अशा वेळी एका तासाच्या निबंधामुळे वर्षाचे श्रम वाया जाऊ नयेत, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

1. परीक्षेचे स्वरूप

फ्रेंच शासनाच्या शिक्षण मंत्रालयातर्फे दिली जाणारी डेल्फ व डाल्फ ही प्रमाणपत्रे 1985 पासून अस्तित्वात आहेत. युरोपीय परिषदेने 2001 साली प्रसिद्ध केलेल्या भाषा-पातळ्यांच्या समान चौकटीशी पुढे त्यांची सांगड घालण्यात आली. विवेचनाच्या सोयीसाठी येथे डेल्फ बी-2 ही परीक्षा नमुना म्हणून घेतली आहे. तीत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण हे प्रत्येकी 25 गुणांचे चार भाग असतात. उत्तीर्ण होण्यास 100 पैकी 50 गुण लागतात. पण कोणत्याही एका भागात 5 हून कमी गुण मिळाल्यास एकूण गुण कितीही असले तरी विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो. लेखनासाठी एक तास असून किमान 250 शब्दांत आपले मत कारणांसह मांडावयाचे असते. कधी ते लेखाच्या रूपाने, तर कधी एखाद्या अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्राच्या रूपाने मागितले जाते. बी-1 पातळीवर 45 मिनिटे व 160 शब्द ही मर्यादा आहे. कॅनडात स्थायिक होऊ इच्छिणारे लोक टीसीएफ व टीईएफ या परीक्षा देतात, त्यांतही एखाद्या प्रश्नावर युक्तिवाद करण्याचा भाग आहेच.

शब्द कसे मोजावेत याचाही नियम ठरलेला आहे. दोन मोकळ्या जागांमध्ये जो अक्षरसमूह येतो तो एक शब्द. म्हणून ‘सेता-दिर’ (म्हणजे) हा जोडचिन्हांनी सांधलेला समूह एकच शब्द ठरतो.

गुणांची विभागणी याहून महत्त्वाची आहे. बी-2 च्या लेखनासाठी दीर्घकाळ वापरात असलेल्या गुणपत्रकात 25 पैकी 14 गुण सूचनांचे पालन, प्रसंगोचित भाषा, वस्तुस्थितीची मांडणी, युक्तिवाद व सुसंगती यांना होते. शब्दसंग्रह, शुद्धलेखन व व्याकरण यांना मिळून 11 होते. पुढे गुणपत्रकाची रचना बदलली, परंतु मांडणी व सुसंगती यांचे महत्त्व कमी झाले नाही. म्हणजे व्याकरणदृष्ट्या निर्दोष पण विस्कळीत लेखनापेक्षा काही चुका असलेले पण सुसूत्र लेखन सरस ठरू शकते. विद्यार्थ्याच्या तयारीचा तोल मात्र बहुधा याच्या उलट असतो.

2. ‘निबंध’ या शब्दाचे दोन अर्थ

फ्रेंचमधील ‘एसे’ या शब्दाचा मूळ अर्थ प्रयत्न, चाचणी असा आहे. मोंतेन्य याने 1580 साली आपल्या लेखसंग्रहाला हे नाव दिले आणि तेव्हापासून तो एका साहित्यप्रकाराचा वाचक झाला. परीक्षेतील ‘एसे आर्ग्युमांते’ मात्र मोंतेन्यच्या स्वैर चिंतनाहून अगदी वेगळा आहे. फ्रेंच शाळांतील ‘दिसेर्तासिओं’ या शिस्तबद्ध लेखनप्रकाराचे ते लहान रूप होय. विषय उपस्थित करणे, त्यातील प्रश्न नेमका करणे, बाजू व प्रतिबाजू तपासणे आणि निर्णयास येणे, असा त्याचा क्रम असतो.

आपल्या शालेय निबंधाची घडण निराळी आहे. नदीचे आत्मवृत्त, पावसाळ्यातील एक दिवस, ‘मी पंतप्रधान झालो तर’ यांसारख्या विषयांवर लिहिताना सुभाषिताने आरंभ, मध्ये कल्पनेचा विलास आणि शेवटी एखादा उदात्त विचार अशी रचना आपण बालपणापासून गिरवितो. या लेखनाचे स्वतःचे मूल्य आहेच. पण हाच साचा फ्रेंच परीक्षेत नेला, तर परीक्षकाला त्यात युक्तिवाद सापडत नाही. आरंभीच्या सुभाषितात चाळीस शब्द खर्ची पडतात आणि मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो.

यावरून मराठी परंपरेत युक्तिवादाचा निबंध नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली सुरू केलेली ‘निबंधमाला’ आणि 1888 मध्ये निघालेल्या ‘सुधारका’तील आगरकरांचे लेखन हे प्रतिपक्षाला समोर ठेवून केलेले लेखन होय. त्याच्याही मागे शास्त्रग्रंथांची पद्धती उभी आहे. मीमांसकांच्या अधिकरणात विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय अशी अंगे मानली जातात. फ्रेंच अध्यापक ज्याला ‘प्रोब्लेमातीक’ म्हणतात तो आपला संशय होय. आणि ‘तेझ’, ‘आंतितेझ’, ‘सांतेझ’ या त्रयीला पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय यांच्याशी ताडून पाहता येते. दोहोंत भेदही आहे. शास्त्रात पूर्वपक्ष खंडनासाठीच मांडला जातो, तर फ्रेंच पद्धतीत दोन्ही पक्षांतील ग्राह्य अंश शेवटी एकत्र आणण्याकडे कल असतो. तरीही पूर्वपक्ष ही संज्ञा ज्याच्या परिचयाची आहे त्याला हा साचा सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही.

परभाषेत लिहिताना तिचे शब्द घेणे पुरत नाही, तिचा रचनाबंधही घ्यावा लागतो, याचे एक उलट दिशेचे उदाहरण आपल्याच भाषेच्या इतिहासात आहे. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटराच्या चरित्रावर मराठीत ओवीबद्ध पुराण रचले. ते 1634 साली गोव्यात छापले गेले. त्यापूर्वी 1616 मध्ये इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे मुद्रित झाले होते. या दोघांनाही मराठी वाचकापुढे आपले म्हणणे मांडावयाचे होते. त्यासाठी त्यांनी युरोपीय गद्यप्रबंधाचा आकार न स्वीकारता पुराण व ओवी हे येथील आकार स्वीकारले. आपल्या विद्यार्थ्यापुढचे काम आकाराने लहान आहे, पण त्याची जात तीच आहे.

3. वाक्याच्या सांध्यांचा प्रश्न

आता भाषिक बाजूकडे वळू. निबंधात विचार विचाराला जोडला जातो तो वाक्याच्या सांध्यांतून. आणि मराठी व फ्रेंच यांचे मुख्य अंतर याच ठिकाणी आहे.

पहिली गोष्ट ऊन-प्रत्ययान्त रूपाची. ‘जेवून मी बाहेर पडलो’ या वाक्यातील ‘जेवून’साठी विद्यार्थी ‘आं मांजां’ हे फ्रेंच रूप योजतो, कारण पाठ्यपुस्तकात ही दोन्ही रूपे शेजारी आलेली असतात. पण फ्रेंच रूप मुख्यतः समकाल, रीती किंवा साधन दाखविते. त्यामुळे त्याच्या वाक्याचा अर्थ ‘जेवता जेवता मी बाहेर पडलो’ असा होतो. पूर्वकालासाठी ‘आप्रेझ आव्वार मांजे’ अशी रचना हवी. याहून मोठा घोटाळा कारणार्थी वाक्यात होतो. ‘पाणी साचून वाहतूक थांबली’ या वाक्यात साचणारे पाणी व थांबणारी वाहतूक हे दोन भिन्न कर्ते आहेत, आणि मराठीला ते चालते. फ्रेंचमधील या रूपाला मात्र मुख्य क्रियापदाचाच कर्ता लागतो. तेथे ‘पार्स क’ (कारण की) किंवा ‘प्युइस्क’ (ज्या अर्थी) यांनी आरंभ होणारे गौण वाक्यच करावे लागते. थोडक्यात, मराठीचा ‘ऊन’ पूर्वकाल, कारण, रीती व साधन हे चारही संबंध एका प्रत्ययात सामावून घेतो. फ्रेंच लेखकाला त्यांतून एक निवडून स्पष्ट सांगावा लागतो. निबंधात ही निवडच तपासली जाते.

दुसरी गोष्ट जोडसर्वनामांची. मराठीत ‘जो… तो’, ‘जरी… तरी’, ‘ज्या अर्थी… त्या अर्थी’ अशी दोन्ही वाक्यांवर खूण असते. फ्रेंचमध्ये खूण एकाच बाजूला असते. म्हणून ‘बियां क’ (जरी) याने आरंभ झाल्यावर पुढील वाक्यात ‘मे’ (पण) घालणे चुकीचे ठरते. मराठीतील ‘तरी’ची सवय तो ‘मे’ घालावयास लावते. तसेच ‘जो विद्यार्थी काल आला तो…’ या वळणावर गेलेला लेखक फ्रेंचमध्येही अनावश्यक ‘इल’ (तो) घालतो. आणि असे वाक्य बोलण्यात खपले तरी निबंधात शैथिल्याचे लक्षण मानले जाते. याउलट ‘ज्याच्याविषयी’, ‘ज्याचा’ हे अर्थ देणारे ‘दों’ हे सर्वनाम योग्य जागी आले, तर रचनेवरील प्रभुत्व लगेच दिसून येते. येथे एक सावधगिरी ध्वनिसाम्याविषयी. मराठीतील ‘की’चे कार्य फ्रेंचमध्ये ‘क’ करतो. फ्रेंच ‘की’ हे कर्त्याच्या जागी येणारे संबंधी सर्वनाम आहे.

तिसरी गोष्ट विध्यर्थाची, आणि ती आपल्या सोयीची आहे. फ्रेंचमधील ‘स्युब्जोंक्तीफ’ हे क्रियारूप इंग्रजीच्या द्वारे शिकणाऱ्याला अवघड वाटते, कारण इंग्रजीत त्याचा मागमूस फारसा उरलेला नाही. मराठी विद्यार्थ्याला मात्र ‘त्याने यावे असे मला वाटते’ आणि ‘तो येईल असे मला वाटते’ यांतील भेद बालपणापासून अवगत असतो. ‘इल फो किल व्हिएन’ (त्याने यायला हवे) येथे तोच भाव आहे. दोन्ही भाषांची क्षेत्रे तंतोतंत जुळत नाहीत. उदाहरणार्थ, ‘ज पांस क’ (मला वाटते की) यानंतर साधे रूप येते, पण ‘ज न पांस पा क’ (मला वाटत नाही की) यानंतर सामान्यतः स्युब्जोंक्तीफ येते. तरीही आरंभ ‘-आवा’ या परिचित रूपापासून केल्यास नियम पाठ करण्याचे ओझे बरेच हलके होते.

चौथी गोष्ट भूतकालवाचक धातुसाधिताच्या अनुरूपतेची. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माचे लिंग घेते. फ्रेंचमध्ये कर्म नंतर आले तर ‘जे एक्री ला लेत्र’ असे अविकारी रूप येते. पण कर्म आधी आले की ‘ला लेत्र क जे एक्रित’ असे स्त्रीलिंगी रूप होते. खुद्द फ्रेंच विद्यार्थीही येथे चुकतात. आपल्या विद्यार्थ्याला मात्र कर्माप्रमाणे धातुसाधित बदलते हे तत्त्व नव्याने शिकावे लागत नाही. ते केव्हा लागू होते एवढेच शिकावे लागते. या साम्याला ऐतिहासिक कारण आहे. दोन्ही भाषांतील हा भूतकाळ मुळात धातुसाधित विशेषणापासून आला आहे, आणि विशेषण नामाचे लिंग घेतेच. मराठीच्या बाजूचा हा इतिहास पाहू इच्छिणाऱ्यांनी झ्यूल ब्लोक यांचा 1920 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेला मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ मूळ फ्रेंचमधून वाचावा. भाषेचा सराव व विषयाचे ज्ञान ही दोन्ही एकाच वाचनात साधतात.

लिंग व उपपद यांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. निर्जीव वस्तूंना लिंग असते याचे मराठी विद्यार्थ्याला आश्चर्य वाटत नाही. पण आपले नपुंसकलिंग फ्रेंचमध्ये दोन्हीकडे विभागले जाते. पुस्तक तेथे पुल्लिंगी, तर घर स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम उपपदासह पाठ करावे. भाववाचक नामापूर्वी उपपद गाळण्याची चूक वारंवार आढळते. मराठीत निश्चयवाचक उपपद नाही आणि इंग्रजीतही सामान्य विधानात भाववाचक नामापूर्वी ते येत नाही, त्यामुळे या चुकीला दुहेरी आधार मिळतो.

4. प्रसंगोचित भाषा

चित्रपट, गीते व संभाषण यांतून शिकलेली फ्रेंच निबंधात जशीच्या तशी उतरली तर गुण जातात. बोलण्यात नकारातील ‘न’ गळतो, ‘सला’ऐवजी ‘सा’ येते, ‘नू’ऐवजी ‘ओं’ येते. लेखनात ‘न’ गाळू नये आणि ‘सला’ योजावे. ‘ओं’ सामान्य विधानात ग्राह्य असले तरी ‘नू’ व ‘ओं’ यांची एकाच परिच्छेदात सरमिसळ करू नये. वसईतील विद्यार्थ्याला हा भेद समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठी लिहिते, तेव्हा एकाच दिवसात दोन भाषारूपे प्रसंगानुसार वापरण्याचा अभ्यास त्याला आपोआप घडतो. तीच जाणीव फ्रेंचच्या बाबतीत जागृत करावयाची आहे.

पत्ररूप निबंधात मायन्याचे महत्त्व विशेष आहे. जुन्या मराठी पत्रांतील ‘सा. न. वि. वि.’ व ‘लोभ असावा’ यांप्रमाणे फ्रेंच औपचारिक पत्राचाही आरंभ व समारोप ठरलेला असतो. ‘ज व्हू प्री दाग्रेए’ (स्वीकार करावा ही विनंती) याने सुरू होणारे समारोपाचे वाक्य एकदा अचूक पाठ करावे. त्यात स्वतःची कल्पकता दाखविण्याचे कारण नाही.

5. एका तासाचे नियोजन: एक उदाहरण

‘शहरालगतची शेतजमीन घरबांधणीसाठी खुली करावी काय?’ हा विषय घेऊ. वसईच्या विद्यार्थ्याला त्यावर मते शोधावी लागत नाहीत. पहिली दहा मिनिटे केवळ आराखड्यास द्यावीत. विषय: महानगराजवळचा बागायती पट्टा आणि वाढती वस्ती. संशय: निवाऱ्याची गरज व जमिनीचे रक्षण यांचा विरोध अटळ आहे काय? पूर्वपक्ष: मुंबईत काम करणाऱ्या सामान्य माणसाला तेथे घर परवडत नाही, आणि आपल्या जमिनीचे काय करावे हे ठरविण्याचा हक्क शेतकऱ्यालाही आहे. उत्तरपक्ष: जमीन बांधली गेली की विहिरींचे पाणी व पावसाच्या पाण्याचा निचरा या दोहोंवर परिणाम होतो, जुलै 2018 मध्ये नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचले आणि उपनगरी वाहतूक खंडित झाली, हे उदाहरण येथे उपयोगी पडेल. निर्णय: सरसकट परवानगी किंवा सरसकट बंदी न देता पाणी व निचरा यांची व्यवस्था ही पूर्वअट असावी.

प्रस्तावनेस सुमारे 45 शब्द, दोन्ही पक्षांस प्रत्येकी 85 व निर्णयास 40 असा हिशेब धरल्यास एकूण 255 शब्द होतात. स्थानिक उदाहरण द्यावे, पण परीक्षकाला नालासोपारा कोठे आहे हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून एका गौण वाक्यात त्याचा परिचय द्यावा, आणि त्या निमित्ताने एक संबंधी सर्वनामही सहज वापरले जाईल. पुढची चाळीस मिनिटे लेखनाला द्यावीत व अखेरची दहा तपासणीस राखावीत. तपासणी एकाच वाचनात न उरकता क्रमाने करावी: आधी क्रियापद व कर्ता, मग विशेषण व नाम, मग धातुसाधित व कर्म, शेवटी नकारातील ‘न’.

6. तयारीची पद्धती

सोळाव्या शतकातील इंग्रज अध्यापक रॉजर ॲस्कम यांनी लॅटिनच्या अभ्यासासाठी दुहेरी भाषांतराची रीत सांगितली होती. त्यांचा ग्रंथ 1570 साली निघाला. ती रीत येथेही उपयुक्त आहे. ‘ल मोंद’सारख्या दैनिकातील अग्रलेखाचे दोन परिच्छेद घ्यावेत, त्यांचे मराठी भाषांतर करावे, चार दिवसांनी त्या मराठीवरून पुन्हा फ्रेंच लिहावे आणि मुळाशी ताडून पाहावे. मधली भाषा मराठीच असावी, इंग्रजी नव्हे. कारण ‘ऊन’, ‘जरी-तरी’, ‘-आवा’ यांच्या जागी मूळ लेखकाने काय योजले होते हे तेव्हाच नजरेस येते. या ताडणीतून प्रत्येकाने आपल्या चुकांची वही तयार करावी. आठवड्यास एक निबंध लिहावा आणि अध्यापकाने तपासल्यावर तोच पुन्हा लिहावा. एकच निबंध दोनदा लिहिण्याने जे साधते ते दोन निबंध एकेकदा लिहिण्याने साधत नाही. विरारच्या गर्दीच्या गाडीत वही उघडणे अशक्य असले, तरी एखाद्या विषयाचा पूर्वपक्ष व उत्तरपक्ष मनात मांडण्यास तो वेळ पुरेसा आहे.

विभागातील संशोधक विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक सूचना. मराठी भाषकांच्या फ्रेंच लेखनातील चुकांचे पद्धतशीर संकलन हाती घेतले, तर वर केलेल्या विधानांची कसोटी लागेल. कोणती चूक मराठीमुळे, कोणती इंग्रजीमुळे आणि कोणती फ्रेंचच्याच अंगभूत विषमतेमुळे होते हे वेगळे करता येईल. ऊन-प्रत्ययान्ताच्या एका प्रकरणापासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरेल, कारण तेथील संबंध मोजके आहेत व सामग्री प्रत्येक उत्तरपत्रिकेत मिळण्यासारखी आहे. अशा अभ्यासाचा लाभ परीक्षार्थ्याला तर होईलच, पण मराठी वाक्याच्या स्वरूपावरही त्यामुळे प्रकाश पडेल. कारण आपल्या भाषेचे सांधे कोठे आहेत हे परभाषेत लिहू लागल्यावरच पुष्कळदा प्रथम जाणवते.